सात लिफाफे एकाच शाळेला

अंकासाठी काय देणार असं मॅडमनी विचारलं. मी 'एक्सेलवर लेख' म्हटलं आणि समितीत हशा पिकला. वाङ्मय मंडळाच्या अंकात कविता, कथा, ललित, फार तर एखादं पुस्तक-परीक्षण. त्यात एक्सेल कुठून आलं? पण दोन वर्षं मंडळाची सचिव म्हणून काम केल्यावर मला एवढं कळलंय की मंडळाचं अर्धं काम कविता वाचण्याचं असतं आणि अर्धं पत्रं पाठवण्याचं. कविता ऐकायला सभागृह भरतं. पत्रांच्या वेळी खोलीत दोघं उरतात, आणि त्यातला एक चहा आणायला गेलेला असतो.

येत्या जूनमध्ये माझी खुर्ची तुमच्यापैकी कुणीतरी घेईल. माझ्याकडून झालेल्या चुका त्या व्यक्तीने पुन्हा करू नयेत म्हणून हे लिहितेय. त्यातली एक चूक अशी आहे की ती नुसती हसण्यावारी नेता येत नाही. ती पुढे सांगते.

आपण दर वर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, शाळांसाठी आंतरशालेय स्पर्धांची अंतिम फेरी घेतो हे तुम्हाला माहीत आहेच. वक्तृत्व, काव्यवाचन, निबंध, कथाकथन, हस्ताक्षर. प्राथमिक फेरी जानेवारीत होते आणि त्यातून निवडलेल्या मुलांची नावं शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्राने कळवायची असतात. नावनोंदणी गूगल फॉर्मवर होते. फॉर्मची पद्धत सरळ आहे: एक मूल, एक ओळ. साखळीच्या एका शाळेतली सात मुलं निवडली गेली, तर त्या शाळेच्या सात ओळी.

पत्रं छापायची वर्डच्या मेल मर्जने. ज्यांनी कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत: पत्राचा मजकूर एकदाच लिहायचा, नाव-पत्त्याच्या जागा मोकळ्या ठेवायच्या, आणि त्या जागा एक्सेलच्या शीटमधून भरून घ्यायच्या. शीटमधली प्रत्येक ओळ म्हणजे एक पत्र. हा 'प्रत्येक ओळ म्हणजे एक पत्र' नियमच सगळ्या भानगडीचं मूळ आहे. शाळेच्या ओळी सात, म्हणून पत्रं सात. एस.वाय.ला असताना मी हेच केलं. एकाच मुख्याध्यापिकांना एकाच दिवशी एकसारखे सात लिफाफे गेले, प्रत्येकात एकेक नाव. बाईंनी फोन करून विचारलं, "तुमच्या मंडळाकडे टपालाचे पैसे फार झालेत का?"

म्हणून दुसऱ्या वर्षी ठरवलं की एका शाळेला एकच पत्र जाईल आणि त्यात सगळ्या मुलांची यादी असेल. म्हणजेच, सात ओळींतली सात नावं एका सेलमध्ये एकाखाली एक आणायची आणि त्या शाळेची ओळ एकच ठेवायची.

आमच्या खजिनदाराला वाटलं, हे तर सोपं आहे. त्याने सात सेल निवडले आणि वरच्या पट्टीतलं 'मर्ज अँड सेंटर' बटण दाबलं. नावातच 'मर्ज' आहे, त्याचा तरी काय दोष? पण ते बटण मजकूर एकत्र करत नाही, फक्त चौकटी एकत्र करतं. सगळ्यात वरचं नाव राहतं, बाकीची सहा पुसली जातात. एक्सेल तशी सूचना देतं, पण सूचना वाचून ओके दाबणारा माणूस मला अजून भेटायचाय. पिव्होट टेबलही इथे कामाचं नाही. ते या शाळेची मुलं सात एवढं सांगतं, ती कोण हे एका सेलमध्ये लिहून देत नाही.

आता नीट पद्धत. फॉर्म्युले मी देवनागरीत लिहितेय, टाइप करताना ते अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायचे. कॅर म्हणजे 'कॅरेक्टर' या इंग्रजी शब्दाची पहिली चार अक्षरं.

दोन शीट करा. पहिलीचं नाव 'नोंदी'. तिच्यात ए कॉलममध्ये शाळेचा क्रमांक, बीमध्ये मुलाचं नाव, सीमध्ये स्पर्धा. डीमध्ये नाव आणि स्पर्धा जोडून घ्या:

=बी२&" – "&सी२

दुसऱ्या शीटचं नाव 'शाळा'. तिच्यात प्रत्येक शाळा एकदाच: ए कॉलममध्ये क्रमांक, बीमध्ये नाव, सीमध्ये पत्ता. आणि डीमध्ये हा फॉर्म्युला:

=टेक्स्टजॉइन(कॅर(१०), ट्रू, फिल्टर(नोंदी!डी:डी, नोंदी!ए:ए=ए२))

आतून बाहेर वाचलं की कळतं. फिल्टर 'नोंदी'मधून फक्त या क्रमांकाच्या शाळेच्या ओळी वेचून काढतं. टेक्स्टजॉइन त्या एकमेकींना जोडतं. दोन नावांच्या मध्ये काय घालायचं ते पहिल्या जागी सांगायचं. स्वल्पविराम हवा असेल तर स्वल्पविराम द्या. कॅर(१०) म्हणजे नवी ओळ. ट्रू म्हणजे रिकामे सेल वगळ. फॉर्म्युला खाली ओढला की प्रत्येक शाळेपुढे तिची यादी येते. सगळी नावं एकाच ओळीत चिकटलेली दिसली तर घाबरू नका. 'रॅप टेक्स्ट' लावलं की ती सुटी होतात.

हे गूगल शीट्समध्ये जसंच्या तसं चालतं. एक्सेलमध्ये फिल्टर २०२१च्या आवृत्तीपासून आणि ३६५मध्ये आहे. २०१९च्या एक्सेलमध्ये टेक्स्टजॉइन आहे, फिल्टर नाही. तिथे फिल्टरच्या जागी इफ वापरायचं:

=टेक्स्टजॉइन(कॅर(१०), ट्रू, इफ(नोंदी!ए$२:ए$१५०=ए२, नोंदी!डी$२:डी$१५०, ""))

आणि शेवटी नुसतं एंटर नाही, कंट्रोल-शिफ्ट-एंटर. ती डॉलरची चिन्हं गाळू नका. ती नसली तर फॉर्म्युला खाली ओढताना २ ते १५०चं ३ ते १५१ होतं, मग ४ ते १५२, आणि यादीच्या वरच्या बाजूची मुलं हळूहळू गळायला लागतात, कसलीही चूक न दाखवता. लिबरऑफिस वापरणाऱ्यांसाठी: टेक्स्टजॉइन ५.२पासून आहे, फिल्टर मात्र २४.८पासून आलं.

आमच्या लॅबमधल्या यंत्रांवर यातलं काहीच नव्हतं. एक्सेल इतकं जुनं की टेक्स्टजॉइन लिहिलं की ते 'हे नाव ओळखीचं नाही' म्हणायचं. तिथे एका सरांनी जी युक्ती दाखवली ती मला अजूनही सगळ्यांत आवडते, कारण ती कुठल्याही एक्सेलमध्ये चालते आणि काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. 'नोंदी' शीट आधी शाळेच्या क्रमांकाने लावून घ्यायची, म्हणजे एका शाळेच्या ओळी सलग येतात. मग ई कॉलममध्ये:

=इफ(ए२=ए१, ई१&कॅर(१०)&डी२, डी२)

म्हणजे, वरची ओळ याच शाळेची असेल तर वर जमलेली यादी घे आणि तिला माझं नाव जोड. नसेल तर माझ्यापासून नवी यादी सुरू कर. पहिल्या ओळीत एक नाव, दुसरीत दोन, तिसरीत तीन, असं करत शाळेच्या शेवटच्या ओळीत पूर्ण यादी तयार होते. दिंडीत एकेक माणूस येऊन मिळावा तसं. आता फक्त ती शेवटची ओळ ओळखायची. एफ कॉलममध्ये:

=इफ(ए२=ए३, "", "पूर्ण")

खालची ओळ दुसऱ्या शाळेची असेल तर मी शेवटची. वर्डमध्ये 'एडिट रेसिपियंट लिस्ट'मध्ये जाऊन एफमध्ये 'पूर्ण' असलेल्या ओळीच निवडायच्या. झालं. एकच काळजी: हे फॉर्म्युले घातल्यावर शीट दुसऱ्या कशाने सॉर्ट केली तर सगळ्या याद्यांची खिचडी होते. म्हणून आधी कॉपी करून 'पेस्ट व्हॅल्यूज' करा, मग काय ते सॉर्टिंग.

एक्सेल २०१६पासून डेटा टॅबमध्ये पॉवर क्वेरी आहे, त्यातही हे होतं. 'ग्रुप बाय' करायचं, नावांच्या कॉलमवर मुद्दाम बेरीज सांगायची (नावांची बेरीज होत नाही म्हणून ते एरर दाखवतं) आणि मग वरच्या फॉर्म्युल्यात लिस्ट.समच्या जागी टेक्स्ट.कम्बाइन लिहून कॉलमच्या नावानंतर मधलं चिन्ह द्यायचं. दर आठवड्याला नवा डेटा येत असेल तर ही उत्तम सोय. वर्षातून एकदा पत्रं पाठवणाऱ्या मंडळाला तिची गरज नाही असं माझं मत.

इथपर्यंत सगळं छान होतं. यंदा बावीस शाळांची बावीस पत्रं छापली, पहिली तीन-चार वाचून पाहिली, मॅडमची सही घेतली आणि लिफाफे पाठवले.

अंतिम फेरीच्या दुसऱ्या दिवशी एका शाळेतून मराठीच्या सरांचा फोन आला. त्यांची नववीतली एक मुलगी काव्यवाचनाच्या प्राथमिक फेरीत फार छान बोलली होती. परीक्षकांनी तिचं कौतुकही केलं होतं. ती यादीत कशी नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तक्रार नव्हती. "तिला वाटतंय की तिचं काहीतरी चुकलं असणार. तेवढं सांगितलंत तर ती पुढच्या वेळी सुधारेल," असं ते म्हणाले.

मी शीट उघडली. मुलगी यादीत होती. शाळेची नऊ मुलं निवडली गेली होती आणि तिचं नाव नववं होतं. मग पत्राची प्रत काढली. पत्रात आठवं नाव होतं, त्याच्यापुढे 'वक्तृत्व'च्या जागी नुसतं 'वक्तृ' उरलं होतं, आणि त्याखाली थेट 'कळावे'. नववं नाव नव्हतंच. त्या शाळेत पत्र वाचणाऱ्यांना तो छपाईतला किरकोळ दोष वाटला असणार. मुलं आठच आली.

मी सरांना खरं काय झालं ते सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते "असू दे, होतं असं" म्हणाले आणि त्यांनी विचारलं, हे तुम्ही तिला स्वतः सांगाल का? मी शाळेत जाऊन सांगितलं. त्या भेटीबद्दल इथे लिहीत नाही.

पण ती नववी ओळ गेली कुठे? दोन संध्याकाळी लॅबमध्ये बसून शोधलं. एक्सेलमध्ये त्या सेलची लांबी लेन फॉर्म्युल्याने काढली: २८९. पत्रात उतरलेली अक्षरं मोजली: २५५. बरोबर २५५. तेव्हा दिवा लागला.

वर्ड एक्सेलची फाइल थेट वाचत नाही. मध्ये एक दुभाषा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषा प्रत्येक कॉलममध्ये कसला मजकूर आहे हे ठरवण्यासाठी सगळी शीट वाचत बसत नाही, पहिल्या आठ ओळी बघतो आणि अंदाज बांधतो. त्या आठ ओळींत कुठेच २५५पेक्षा लांब मजकूर दिसला नाही, तर तो कॉलम 'आखूड मजकुराचा' ठरतो. मग खाली कुठेही लांब मजकूर आला की २५५वर कात्री. सूचना नाही, एरर नाही. मी शाळा तालुक्यांप्रमाणे लावल्या होत्या. पहिल्या आठ शाळा एक-दोन मुलांच्या. नऊ मुलांची शाळा चौदावी. आणि मी वाचून पाहिली होती पहिली तीन-चार पत्रं.

यात मराठीचा एक खास काटा आहे. आपण 'विद्यार्थी' शब्दात अक्षरं तीन मोजतो: वि, द्या, र्थी. संगणक दहा मोजतो. व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी. प्रत्येक मात्रा, प्रत्येक हलन्त, प्रत्येक अनुस्वार वेगळा. 'प्रज्ञा' दिसायला दोन अक्षरी, पण संगणकाच्या हिशेबी सात. म्हणजे २५५ ऐकायला भरपूर वाटतात, पण मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि स्पर्धा असं देवनागरीत लिहिलं की आठव्या ओळीत संपतात. जोडाक्षरांची हौस असलेल्या भाषेला ही मर्यादा लवकर गाठते.

उपाय सोपा आहे, म्हणून तर जास्त चुटपुट लागते. सगळ्यांत लांब यादीची शाळा पहिल्या आठ ओळींत आणून ठेवा. किंवा शीटच्या पहिल्या ओळीत एक खोटी शाळा घाला आणि तिच्या यादीच्या सेलमध्ये तीनशे-चारशे अक्षरांचा काहीही मजकूर भरा. दुभाषा तो बघतो, कॉलम लांब मजकुराचा आहे असं समजतो आणि पुढे कात्री चालवत नाही. छापताना त्या ओळीसमोरची टिकमार्क काढून टाका. मला खोटी शाळा बरी वाटते, कारण पत्रांचा तालुक्यांचा क्रम मोडत नाही आणि लिफाफे वाटणाऱ्याचा ताप वाचतो.

दुसरी तपासणी याहून सोपी. 'शाळा' शीटमध्ये एक कॉलम मुलांच्या संख्येचा ठेवा:

=काउंटइफ(नोंदी!ए:ए, ए२)

आणि ही संख्या पत्रातच छापा: 'एकूण निवड: ९'. आठ नावांखाली नऊ लिहिलेलं असतं तर त्या शाळेतल्या कुणीही फोन उचलला असता. शिवाय या कॉलमची बेरीज 'नोंदी'तल्या एकूण ओळींइतकी यायला हवी. आली नाही तर कुठली तरी मुलं शाळेविना भटकतायत असं समजा.

ती का भटकतात? कारण आपलं शुद्धलेखन. पहिल्या वर्षी शाळेचं नाव मुलांनीच टाइप केलं होतं. एकाने 'हायस्कूल' लिहिलं, दुसऱ्याने 'हायस्कुल'. 'सेंट' आणि 'सेन्ट'. 'साखळी' आणि 'सांखळी'. घरी कोंकणी, वर्गात मराठी, फॉर्म मोबाइलवर. गावाचं नाव प्रत्येकाच्या बोटातून वेगळं उतरतं आणि संगणकाच्या दृष्टीने ती वेगळी शाळा होते. नावानंतर राहिलेली एक मोकळी जागासुद्धा पुरते. ती ट्रिम फॉर्म्युल्याने जाते. 'ऱ्ह'सारखी अक्षरं दोन पद्धतींनी टाइप होतात, दिसतात सारखीच. आतले कोड वेगळे. आडनावात असं अक्षर असेल आणि प्रमाणपत्रांसाठी तुम्ही मुलाच्या नावावरून ओळी एकत्र करत असाल, तर एकाच मुलाची दोन मुलं होऊ शकतात. उलटही होतं: एकाच संताच्या नावाच्या शाळा दोन-तीन गावांत असतात, त्या नावावरून जोडल्या तर एका गावची मुलं दुसऱ्या गावच्या पत्रात. म्हणून मी सुरुवातीपासून 'शाळेचा क्रमांक' म्हणतेय. फॉर्ममध्ये शाळा निवडायची यादी द्या, टाइप करू देऊ नका, आणि प्रत्येक शाळेला क्रमांक ठरवून टाका. जोडाजोडी क्रमांकावरूनच.

आता थोडं पत्राच्या भाषेबद्दल, नाहीतर मॅडम म्हणतील वाङ्मय मंडळाचा लेख आणि मराठीबद्दल अक्षर नाही. यादी एका नावाची असेल तर 'आपल्या विद्यार्थ्याची निवड', दोन असतील तर 'विद्यार्थ्यांची', एकच मुलगी असेल तर 'विद्यार्थिनीची'. वर्डमध्ये इफचा नियम घालून हे साधता येतं, मी तासभर खटपट करून साधलंही. मग मॅडमनी ते वाक्य खोडून वर लिहिलं: 'आपल्या शाळेतून अंतिम फेरीसाठी झालेली निवड पुढीलप्रमाणे.' एक असो, नऊ असोत, मुलगा असो, मुलगी असो, वाक्य तेच. तासाभराचा फॉर्म्युला एका वाक्याने निकालात निघाला.

मार्चमध्ये प्रमाणपत्रांची पत्रं याच पद्धतीने गेली. त्या नववीतल्या मुलीला मंडळाच्या पुढच्या काव्यवाचन कार्यक्रमाचं स्वतंत्र निमंत्रण गेलं, ते मी हाताने लिहिलं. बाकी पत्रं बरोबर उतरली, संख्या जुळल्या, यादी कुठे तुटली नाही. फक्त खोट्या शाळेसमोरची टिकमार्क काढायची राहिली. तिचंही पत्र छापलं गेलं, सही झाली, लिफाफ्यात गेलं आणि पत्ता नसलेला तो लिफाफा घेऊन ऑफिसातले काका मला शोधत वर्गापर्यंत आले. "बाय, ही 'चाचणी विद्यालय' शाळा खंय आसा?"